साळूताईच्या पार्लरातलं औषध

मुकुंदवाडी स्टेशनाकडून बाजाराकडं येताना डाव्या हाताला एक गल्ली लागते. तिच्यात आता मोबाईलच्या काचा बदलून देतात ना, तिथंच साळूताईचं पार्लर होतं. पार्लर म्हणजे फार काही मनात आणू नका. एक खोली, तिच्या मागं राहायचं घर, एक आरसा, कधीच न फिरणारी एक फिरती खुर्ची, आणि गल्लीकडं उघडणारी एक खिडकी. पण साळूताईनं ते उघडलं तेव्हा अख्ख्या वस्तीत दुसरं नव्हतं. 'पार्लरला चालले' म्हणायला बायांची जीभ रेटायची नाही. "साळूताईकडं डोकं करायला जाते" म्हणायच्या, अन् फणी पदराखाली लपवून यायच्या, जशा काय गुत्त्यावर चालल्यात.

साळूताई धनगराची. माहेर अजिंठ्याच्या डोंगराच्या अंगाला. बाप मेंढरं राखायचा, आणि कातरणीचे दिवस आले की या पोरीला काम ठरलेलं असायचं. लोकरीत अडकलेले गोखरू अन् काड्या बोटांनी मोकळ्या करायच्या. मेंढी बिचकली की बाप चिडायचा, आणि मेंढीवर नाही, पोरीवर. त्यामुळं साळूची बोटं अशी तयार झाली की गुंता लोकरीचा असो का केसाचा, ज्याचा तो आहे त्याला पत्ताही लागायचा नाही. लग्न होऊन ती मुकुंदवाडीत आली. नवरा मल्हारी चिकलठाण्याला एका कंपनीत वॉचमन. शेजारच्या आशाबाईची पोरगी फणी नुसती दिसली तरी घर डोक्यावर घ्यायची. साळूनं एकदा तिला मांडीत घेतलं, इकडच्या तिकडच्या गप्पा मारत वेणी घातली, आणि पोरगी वेणीचं टोक बांधायच्या आधीच झोपून गेली. आशाबाईनं ही गोष्ट गल्लीभर केली. तिथून सुरू झालं सगळं. मग साळूनं शहरातल्या एका बाईंकडं भुवया कोरायचं, मेंदी काढायचं, बायकी केस कापायचं शिकून घेतलं, मल्हारीनं आरसा आणला, आणि साळूची साळूताई झाली.

ते रविवार आठवले की साळूताईला अजून भरून येतं. सकाळी मागच्या दारी मोठ्या पातेल्यात शिकेकाई, रिठे अन् आवळकाठी उकळत असायची. वास पार स्टेशनापर्यंत जायचा. मनमाडकडून येणाऱ्या पॅसेंजरनं उतरलेली बाई नुसत्या वासावर घर शोधत येते, असं मल्हारी म्हणायचा. मल्हारीला वाढवून सांगायची खोडच होती, पण एवढं काही खोटं नव्हतं. नहाणी झाली की बाया केस मोकळे सोडून पार्लरपुढच्या वट्यावर उन्हाला बसायच्या. कुणाची सासू काय बोलली, कुणाला दिवस गेले, कुणाच्या नवऱ्यानं कंपनीत कुणाशी भांडण उकरून काढलं, सगळं त्या वट्यावर यायचं आणि तिथंच राहायचं. साळूताईच्या हाताखाली डोकं दिलं की माणसाचं तोंड आपोआप सुटतं, अशी तिची ख्याती होती. एक मास्तरीणबाई तर केस कमी अन् रडायलाच जास्त यायच्या. साळूताई काही विचारायची नाही. नुसतं तेल जिरवत राहायची. बाई डोळे पुसून, अंबाडा बांधून, "आता बरं वाटतंय" म्हणत घरी जायच्या. आता काय, कानात वायर घालून बसतात. बोलणार कुणाशी?

साळूताईला पोटी पोरगं नव्हतं. पण पुतळा होती. पुतळा म्हणजे तिच्या भावाची मुलगी, लाडानं सगळे पुतळीच म्हणायचे. भावजय गेली, भाऊ मेंढरामागं आज इथं तर उद्या तिथं, मग पोरीची शाळा कशी व्हायची? साळूताईनं तिला आपल्याकडं आणलं ती कायमचीच. पुतळा शाळेतनं आली की दप्तर टाकून आधी पार्लरात यायची. आत्याच्या मागं उभी राहून आरशात बघायची, आणि आत्या भुवया कोरताना जसं तोंड करायची तसंच तोंड करायची. गिऱ्हाईक हसायचं, भुवई वाकडी व्हायची, अन् शिव्या पुतळीला. दोघींचे केस मात्र एकसारखे, कुरळे, दाट, आवरायला बसलं तर अर्धी सकाळ खाणारे. पुतळीचे केस साळूताईच विंचरायची. दहावी झाली, बारावी झाली, तरी पुतळी रोज संध्याकाळी आत्याच्या पुढ्यात पाठ करून बसायची. तेवढं सुख साळूताईला दुसऱ्या कशात मिळालं नाही, हे ती आजही उघड सांगते.

मग दिवस पालटले. टीव्हीवरच्या झाडून साऱ्या सुनांचे केस सरळ झाले. लग्नात नवरीचे सरळ, करवलीचे सरळ, फोटो काढणारीचे सुद्धा सरळ. जालना रोडला काचेची, गारगार पार्लरं निघाली. साळूताईच्या वट्यावरच्या बाया एकेक करून तिकडं वळायला लागल्या. अशात एक दिवस स्कूटरवर खोकं बांधून काकासाहेब आला. हा पार्लरच्या सामानाचा विक्रेता, तोंडात कायम बडीशेप. त्यानं खोक्यातनं बाटली काढली.

"ताई, हे लावायचं, वाळवायचं, वरून गरम इस्तरी फिरवायची. केस रेशमासारखे सरळ. चार-पाच महिने बघायचं काम नाय."

"ह्यात असतंय काय?" साळूताईनं विचारलं.

"काय नाय हो. निसतं प्रोटीन. अंड्यात असतंय तेच. पोरीला वाचायला लावा, लिहिलंय बघा, फॉर्मालिन नाही म्हणून."

पुतळीनं वाचलं. खरंच तसं लिहिलेलं होतं. फॉर्मालिन म्हणजे काय ते त्या तिघांतल्या एकालाही माहीत नव्हतं. नाही म्हणतात तर नसेल, चांगलंच आहे की.

पहिल्यांदा केलं ते आशाबाईच्या त्याच पोरीचं, जी लहानपणी फणी बघून रडायची. ती आता लग्नाला आलेली. केस झाल्यावर तिनं आरशात बघितलं, मान इकडं वळवली, तिकडं वळवली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. साळूताईला वाटलं, पोरीला आनंद झाला. आनंद झालाच होता, खोटं कशाला बोला. पण डोळ्यातलं सगळं पाणी काही आनंदाचं नव्हतं. साळूताईचेही डोळे चुरचुरत होते.

आता 'औषध' या शब्दाबद्दल थोडं सांगायला पाहिजे, कारण पुढचा सगळा घोळ त्यानंच घातला. आपल्याकडं खोकल्याला घेतो ते औषध. मेंढरांच्या गोचिडांना लावतो ते औषध. कपाशीवर फवारतो तेही औषधच. आणि एखाद्या घरातून रडारड ऐकू आली, कुणी दबक्या आवाजात "औषध घेतलं" म्हणालं, की पुढं कुणी काही विचारत नाही, जे समजायचं ते समजतं. तर साळूताईच्या पार्लरात या बाटलीलाही औषधच म्हणायचे. "औषध लावायचं का?" "औषध कधीचं?" "औषध उतरलं वाटतं." कुणी म्हणालं, "ताई, टाळू भाजल्यासारखी होऊ राह्यली," तर साळूताई म्हणायची, "औषध हाय बाई, झोंबणारच. झोंबतंय म्हंजी लागू पडू राह्यलं." डोळे चुरचुरले तर औषध उग्र आहे, म्हणजे चांगलं आहे. खोकला आला तर पाणी प्या. महिन्या दोन महिन्यांनी एखादीचे केस कुठंतरी मधूनच तुटून यायचे. तिला साळूताई तेल सांगायची. त्या बाटलीवर नुसतं 'रसायन' लिहिलं असतं तर तिनं चार वेळा वास घेऊन बघितला असता. पण औषधावर कोण शंका घेतं?

साळूताईला काही दिवसांतच त्या धुरात उभं राहवेना. इस्त्रीखालनं पांढरा धूर निघायचा, डोळ्यांत जायचा, आणि तिला समोरची बट दिसायची नाही. पुतळी म्हणाली, "आत्या, तू सर. वट्यावर बस. मी करते." पुतळीचा हात आत्याहून चपळ. खिडकी मात्र लावून घ्यावी लागायची. उघडी ठेवली तर वाऱ्यानं केस उडायचे, आणि गल्लीतली टवाळ पोरं डोकवायची ती वेगळीच. पंखाही बंद, कारण इस्त्री गार व्हायची. दाराला जाड पडदा. आत पुतळी अन् गिऱ्हाईक, बाहेर वट्यावर साळूताई, येणारीला बसवणार, चहा पाजणार. धंदा असा वाढला की जालना रोडच्या बाया परत इकडं येऊ लागल्या. साळूताईचा ऊर भरून यायचा. पोरीनं आपलं नाव राखलं म्हणायची.

पुतळीला खोकला कधी लागला हे कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. आधी रात्री, मग स्टेशनाचा जिना चढताना, मग बोलतानाही. अडुळसा झाला, हळदीचं दूध झालं. मल्हारी दोन-तीनदा म्हणाला, "पोरीच्या छातीत शीळ वाजू राह्यली. एकदा दाखव दवाखान्यात." साळूताई म्हणाली, "एवढी लग्नसराई जाऊ द्या." मधल्या काळात पुतळीचं लग्नही जमलं होतं. वेरूळकडच्या एका गावचा मुलगा, रामकिसन नावाचा, वाळूजला कंपनीत लागलेला. साखरपुडा झाला. मुलगा शांत, घरदार आपल्यातलंच, आणि त्याची आई वच्छलाबाई म्हणजे बोलायला तिखट पण मनानं सरळ बाई. पुतळी त्याच्याशी फोनवर बोलताना खोकला आला की फोन बाजूला धरायची. हे साळूताईनं बघितलं होतं.

त्या दिवशी एका नवरीच्या घरचं झाडून सगळा गोतावळा आलेला. नवरी, तिच्या बहिणी, चुलत बहिणी, एकीमागं एक. दुपारचं ऊन, खिडकी बंद. पुतळी सकाळपासून आत होती. पडदा बाजूला झाला आणि एक पोरगी घाबरीघुबरी बाहेर आली, "मावशी, बघा ना, दीदी खाली बसली." साळूताई आत धावली. पुतळी भिंतीला टेकून बसलेली, ओठ काळेनिळे, दोन्ही हात गळ्याशी, आणि श्वास असा, की आत जातोय का बाहेर येतोय कळेना. साळूताईनं तिला ओढतच वट्यावर आणलं. मल्हारी रिक्षा घेऊन आला. जालना रोडला दिसला तो पहिला दवाखाना गाठला.

दारातच नर्सनं विचारलं, "काय झालं?"

साळूताईच्या तोंडातून एवढंच निघालं, "औषध हो बाई. औषध गेलं पोरीच्या छातीत."

झालं. नर्सनं आवाज दिला, डॉक्टर पळत आले, स्ट्रेचर आलं. "कोणतं औषध? कधी घेतलं? किती घेतलं?"

"सकाळपासनं चालूच होतं," साळूताई म्हणाली.

"सकाळपासून? आणि तुम्ही आता आणताय?"

"लग्नाची गर्दी होती हो."

 कुणीतरी म्हणालं पोलिसांना कळवा, कुणीतरी म्हणालं पोट धुवायची नळी आणा. पुतळीला बोलता येत नव्हतं. ती नुसती मान हलवत होती, नाही नाही, आणि बोटांनी केसांवरून इस्त्री फिरवल्यासारखं करून दाखवत होती. ते कुणालाच कळेना. शेवटी डॉक्टर ओरडले, "बाटली आणा ती," आणि मल्हारी आला तसाच माघारी पळाला. त्यानं पिशवीतनं बाटली काढून दिली तेव्हा डॉक्टरांनी लेबल वाचलं, वास घेतला आणि खुर्चीवर बसले. "हे केसांचं आहे," ते म्हणाले. "हे प्यायली का ती?"

"पेल कशाला? लावती ती. दुसऱ्याच्या डोक्याला," साळूताई म्हणाली.

मग वाफ दिली, ऑक्सिजन लावला, आणि तासाभरात पुतळीच्या ओठांना रंग आला. डॉक्टर वयानं लहान होता, पण समजावून सांगणारा. म्हणाला, "मावशी, बाटलीवर काही का लिहिलेलं असेना, हे इस्त्रीनं तापवलं की यातनं फॉर्मालिनचाच वायू सुटतो. ज्यात कॉलेजात मेलेल्या माणसाचे अवयव टिकवून ठेवतात, त्याच्यातला. गिऱ्हाईक तासभर श्वास घेऊन जातं. ही रोज दिवसभर घेते, तेही बंद खोलीत. दमा तर लागलाच आहे. असंच वर्षानुवर्षं चाललं तर कॅन्सरचाही धोका असतो. हिला पुन्हा त्या खोलीत बसवू नका."

साळूताईच्या कानात फक्त 'मेलेल्या माणसाचे' एवढंच राहिलं. तिनं पुतळीच्या कपाळावरून हात फिरवला. त्या हातालाही त्या औषधाचाच वास येत होता. तिला स्वतःच्याच हाताची शिसारी आली. (त्या दवाखान्यातनं पुतळीबरोबर छातीत ओढायचा एक पंप घरी आला. तो पुढं कायम तिच्या पर्समध्ये राहिला.)

हे निस्तरलं असतं. पण त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात बन्सी बसलेला होता. बन्सी म्हणजे रामकिसनच्या गावचा, आईचा पाय दाखवायला आलेला. साखरपुड्याला आला होता, म्हणून त्यानं साळूताईला ओळखलं होतं, पुतळीला स्ट्रेचरवर बघितलं होतं, आणि ऐकलं काय होतं? "औषध," "कधी घेतलं," "पोलिसांना कळवा." बन्सी काही वाईट माणूस नाही. त्यानं फक्त घरी फोन केला. दिवस मावळायच्या आत गावात झालं होतं की वच्छलाबाईच्या होणाऱ्या सुनेनं औषध घेतलं. आता साखरपुडा झालेल्या पोरीनं औषध घेतलं म्हटल्यावर लोक काय काय जोडतात ते मी तुम्हाला सांगायला नको. पोरीचं दुसरीकडं असंल. पोरीला हा मुलगा नको असंल. आणखी काय काय.

तिसऱ्या दिवशी वच्छलाबाईचा फोन आला. आवाज थंड. "साळूबाई, खरं काय ते सांगा."

"विहीणबाई, पोरीनं औषध नाय घेतलं. औषध छातीत गेलं."

"म्हंजी घेतलंच की."

"तसलं औषध नाय हो, हे लावायचं औषध."

"लावायचं औषध छातीत कसं जातंय?"

साळूताई जितकं समजावायला जाई तितकं बिघडत जाई. प्रत्येक वाक्यात तो मेला शब्द यायचाच. त्याच्यावाचून त्या बाटलीला दुसरं नावच तिच्याजवळ नव्हतं. शेवटी वच्छलाबाई म्हणाली, "आम्ही येतो. मग बघू लग्नाचं." 'बघू' म्हणजे काय, हे पोरीच्या बाजूच्या माणसाला बरोबर कळतं. मागं पुतळी उभी होती. ती आत जाऊन भिंतीकडं तोंड करून निजली. रामकिसनचा फोन दोन दिवस लागला नव्हता.

वच्छलाबाई आली ती एकटी नाही. जाऊ बरोबर, आणि स्वतःची कॉलेजातली मुलगीही. म्हणजे मोडायचंच ठरवून आलेल्या, साक्षीला माणसं घेऊन. साळूताईनं चहा ठेवला, कुणी कपाला हात लावला नाही. वच्छलाबाई म्हणाली, "आमच्याकडं कपाशीवर मारतेत ते औषध. ते घेतलं तर माणूस असा होतो. केसाच्या औषधानं कुणाचा दम कोंडत असतोय व्हय? आम्ही खेड्यातल्या असलो तरी येड्या नाय." जाऊ म्हणाली, "झाकायचं असंल तर नीट तरी झाका." साळूताईनं दवाखान्याचे कागद पुढं केले. इंग्रजी. वच्छलाबाईनं ते मुलीच्या हातीही जाऊ न देता बाजूला सारले.

 बोलून आता काही होणार नव्हतं, हे साळूताईला कळून चुकलं. ती उठली, आत गेली, पुतळीला म्हणाली, "तू आशाबाईकडं जाऊन बस. मी बोलवीस्तोर यायचं नाय." पुतळी गेली. मग साळूताई पाव्हण्यांना म्हणाली, "पार्लरात या जरा."

त्या आल्या. साळूताईनं त्यांना बाकावर बसवलं. खिडकी लावली. पडदा ओढला. पंखा बंद केला. कपाटातनं एक जुनं गंगावन, वेणीत गुंफायचे ते खोटे केस, काढलं, ते खुर्चीच्या पाठीला बांधलं, आणि त्याला औषध चोपडलं, रोज पुतळी चोपडायची तसं. वाळवलं. इस्त्री तापायला घातली. "हे काय करू राह्यल्या?" वच्छलाबाईनं विचारलं.

"पोरगी जे करायची ते," साळूताई म्हणाली. "निसतं बसा."

पहिली बट इस्त्रीत धरली तेव्हा आधी गोडसर वास आला. जाऊबाई म्हणाली, "वास तर चांगला आहे." दुसऱ्या बटेला धूर उठला. तिसऱ्या बटेला जाऊबाईनं पदर नाकाला लावला. मग डोळे चोळायला लागली, मग खोकायला, आणि "आई गं" म्हणत पडदा बाजूला सारून जी बाहेर पळाली ती गल्लीच्या तोंडाशीच थांबली. मुलगी तिच्या मागं. वच्छलाबाई मात्र बसूनच. हट्टी बाई. डोळ्यांतून पाण्याच्या धारा, नाक लाल, छाती धपापतेय, पण हलायला तयार नाही. साळूताईच्या स्वतःच्या डोळ्यांपुढं अंधारी येत होती. तरी हात सवयीनं चालतच होता, वरून खाली, वरून खाली. केस खरंच सरळ होत होते. लई देखणे होत होते. एवढ्याशा सरळपणासाठी, तिच्या मनात आलं, एवढ्याशासाठी. शेवटी वच्छलाबाईला खोकल्याची उबळ आली, तिनं भिंत धरली, आणि साळूताईनं इस्त्रीचं बटण बंद करून तिला दंडाला धरून वट्यावर आणलं.

बराच वेळ दोघी नुसत्या श्वास घेत बसल्या. आशाबाईनं तांब्याभर पाणी आणलं. वच्छलाबाईनं तोंडावर पाणी मारलं, चूळ भरली, पदरानं डोळे पुसले, परत पुसले. जाऊबाई लांबूनच म्हणाली, "पोरीनं काय घेतलं नाय बाई. पटलं मला." साळूताईच्या छातीवरचा धोंडा उतरला. लग्न वाचलं होतं. तिला आनंदानं रडू येत होतं, आणि आधीच डोळ्यांत एवढं पाणी होतं की वेगळं रडायची गरजच नव्हती.

वच्छलाबाई मात्र अजून बंद खिडकीकडं बघत होती.

"मला एक सांगा, साळूबाई," ती म्हणाली. आवाज बसलेला होता. "ह्या धुरात माझी सून रोज बसत होती?"

"व्हय."

"दिवसभर?"

"व्हय."

"अन् तुम्ही कुठं होता?"

साळूताईनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग ज्या वट्यावर ती बसली होती त्याच्यावर तिचा हात गेला, आणि तिथंच राहिला. "इथं," ती म्हणाली. "माझ्या डोळ्याला सोसत नव्हतं."

वच्छलाबाई तिला वाईट काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं साळूताई अजून म्हणते. वच्छलाबाई नुसती उठली, चपला घातल्या आणि म्हणाली, "मी मोडायला आले होते. आता मोडत नाय. पण ठरल्या तारखेपस्तोर मी थांबत नाय, साळूबाई. तारीख अलीकडं घ्या. मला पोरगी इथनं न्यायचीय."

आशाबाईच्या दारात पुतळी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. आत्याकडं येण्यासाठी तिनं एक पाऊल टाकलं. साळूताईनं तिला हातानंच तिथं थांबवलं, कारण अजून पार्लरातनं धूर येत होता.

"न्या," साळूताई वच्छलाबाईला म्हणाली. "लवकर न्या."